बावखल : सजीव-निर्जीवांचा एकत्र संसार



परीक्षा जवळ आली की घरोघरी मुलांच्या वह्या उघडल्या जातात. अशाच एका घराच्या ओट्यावर सहावी-सातवीतला एक मुलगा विज्ञानाचा धडा पाठ करीत बसला होता. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून त्याने दोन रकाने केले होते. डावीकडे मथळा होता ‘सजीव घटक’ आणि उजवीकडे ‘निर्जीव घटक’. बाईंनी सांगितले होते, घराजवळच्या एखाद्या पाणवठ्याचे उदाहरण घ्या. त्याच्या घरामागे बावखल होते. शेजारी आजोबा बसले होते.

“आजोबा, बावखलात सजीव काय काय आहे ते तुम्ही सांगा, मी लिहितो.”

आजोबांनी बोटे मोडायला सुरुवात केली. मरळ, मांगूर, बेडूक, दिवड, कासव, खंड्या, बगळा, पाणकोंबडी, चतुर, शेवाळ, काठावरचे उंबर. डावा रकाना भरून गेला.

“आता निर्जीव?”

“पाणी. ऊन. चिखल. हवा.”

मुलगा खूश झाला. “चारच? मग ते सोपे आहे.”

आजोबा हसले. म्हणाले, “अरे, बावखलातला एक मासा मेला तर बावखल राहते. पण पाणी बिघडले तर तुझ्या त्या भरलेल्या रकान्यातले काय राहील, सांग बघू?”

आज आपण याच प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गावांना बावखल काय ते सांगायला नको. पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणारे, पूर्वजांनी खोदलेले हे तळे पिढ्यानपिढ्या आपल्या वाड्यांना, विहिरींना आणि गुरांना पुरले. आज पुष्कळ बावखले बुजली आहेत, बुजवली गेली आहेत, किंवा हिरव्या थराखाली गुदमरून पडली आहेत. ती का मेली हे समजायचे असेल तर मुलाच्या वहीतले दोन रकाने नीट वाचायला हवेत.

१. परिसंस्था म्हणजे काय?

एका ठिकाणचे सर्व सजीव, तेथील निर्जीव गोष्टी आणि त्यांच्यातील परस्पर देवाणघेवाण या सगळ्यांना मिळून परिसंस्था म्हणतात. या व्याख्येतील ‘देवाणघेवाण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसती यादी म्हणजे परिसंस्था नव्हे. घरातल्या माणसांची आणि भांड्याकुंड्यांची यादी केली म्हणून संसार कळत नाही. कोण कमावतो, कोण रांधतो, कोण वाढतो, कोण उष्टी काढतो हे कळले म्हणजे संसार कळतो.

गंमत अशी की, ही कल्पना शास्त्रज्ञांना सुचली त्यात लहान तळ्यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील स्टीफन फोर्ब्स यांनी १८८७ साली एक निबंध वाचला. तळे हे स्वतःच एक छोटे विश्व आहे आणि त्यातील एका माशाचा अभ्यास करायचा तर साऱ्या तळ्याचा अभ्यास करावा लागतो, असे त्यांनी मांडले. पुढे १९३५ साली इंग्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांनी सजीव आणि त्यांच्या भोवतीचे निर्जीव या दोघांना मिळून ‘इकोसिस्टिम’ हे एकच नाव दिले. त्याचाच मराठी शब्द परिसंस्था. सजीवांना त्यांच्या परिसरापासून तोडून पाहता येत नाही, हा त्यांचा आग्रह होता.

त्यानंतर रेमंड लिंडमन नावाच्या तरुणाने अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर बॉग लेक या छोट्याशा, गाळाने भरत चाललेल्या तळ्याचा काही वर्षे अभ्यास केला. सूर्याकडून आलेली ऊर्जा शेवाळात, शेवाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत कशी जाते याचा त्याने हिशेब मांडला. त्याचा निबंध आधी तज्ज्ञांनी नाकारला होता. अखेर तो १९४२ साली छापून आला, पण त्याच वर्षी, निबंध प्रसिद्ध होण्याआधीच, वयाची २७ वर्षेही पूर्ण झालेली नसताना लिंडमनचे निधन झाले होते. आज जगभरच्या शाळांत जो धडा शिकवतात, त्याचा पाया एका साध्या तळ्याच्या काठी घातला गेला. तेव्हा आपल्या घरामागच्या बावखलाला कोणी क्षुल्लक समजू नये.

२. उजवा रकाना : निर्जीव घटक

उजव्या रकान्यात चारच शब्द होते, पण एकेक शब्द उघडून पाहू.

ऊन : बावखलातील जवळजवळ सर्व अन्नाचा उगम उन्हात आहे. पाणी नितळ असेल तर ऊन खोलवर पोहोचते आणि तळाशीही पाणवनस्पती वाढतात. पाणी गढूळ झाले, किंवा वर जलपर्णीची चादर पसरली, की खाली अंधार होतो. ऊन वर तळपत असते, पण बावखलाच्या पोटात रात्र झालेली असते.

विरघळलेला प्राणवायू : मासे पाण्यात श्वास घेतात तो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. तो फार थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. म्हणजे मासा आपल्यापेक्षा कितीतरी गरीब घरात राहतो. त्याच्या वाट्याच्या थोड्याशा प्राणवायूतून कोणी चोरी केली तर त्याला ती लगेच जाणवते.

तापमान : पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसात. शिवाय गरम पाण्यात माशांची आणि जंतूंची भूक वाढते, म्हणजे प्राणवायूचा खर्चही वाढतो. मे महिन्यात जमा कमी आणि खर्च जास्त अशी बावखलाची अवस्था होते. काठावरचे उंबर, करंज, भेंडीची झाडे सावली धरतात ती म्हणूनच मोलाची. ती तोडली की पाणी अधिक तापते.

माती आणि क्षार : शेतकरी बांधवांना नत्र, स्फुरद, पालाश ही नावे तोंडपाठ आहेत. हीच खते पाण्यातील शेवाळालाही लागतात. योग्य प्रमाणात असली तर बावखल समृद्ध होते, जास्त झाली तर तेच अन्न विष ठरते. ते कसे, हे पुढे पाहू.

खारेपणा : समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात मात्र सर्व विरघळलेले पदार्थ मिळून लिटरमागे ५०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम, ही योग्य मर्यादा सांगितली आहे. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर दोन ग्रॅमपर्यंत चालवून घेतात. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा अशा तिन्ही बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या आपल्या गावांसाठी हा घटक सर्वांत नाजूक आहे.

३. डावा रकाना : सजीव घटक

सजीवांचे त्यांच्या कामाप्रमाणे तीन गट पडतात.

उत्पादक : शेवाळ, पाण्यात बुडालेल्या वनस्पती, कमळ, काठावरचे गवत. ऊन, पाणी आणि कर्बवायू यांपासून ही मंडळी स्वतःचे अन्न तयार करतात. या कामाला प्रकाशसंश्लेषण म्हणतात आणि त्यात प्राणवायू बाहेर पडतो. बावखलातील कमावती माणसे हीच. मात्र सर्वांत मोठे कमावते असतात ते डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म शेवाळ, ज्यामुळे पाण्याला फिकट हिरवी झाक येते.

भक्षक : सूक्ष्म शेवाळावर पाण्यातले बारीक जीव आणि बेडकाची पिल्ले जगतात. त्या बारीक जीवांना लहान मासे व चतुराची पाण्यात वाढणारी पिल्ले खातात. लहान माशांना मरळ खातो, बेडकाला दिवड, आणि माशावर टपून खंड्या व बगळा असतातच. प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा हालचालीत व उष्णतेत खर्च होते आणि साधारण दहावा हिस्साच वरच्या पायरीला मिळतो. ढोबळमानाने, एक हजार किलो शेवाळावर शंभर किलो बारीक जीव, त्यांवर दहा किलो लहान मासे, आणि त्यांवर एक किलो मरळ पोसला जातो. तेव्हा रविवारी बाजारातून आपण मरळ आणतो, त्यामागे किती उन्हाची मेहनत आहे याचा अंदाज करावा.

विघटक : जंतू, बुरशी आणि चिखलातील कृमी. झाडाची पाने पडतात, मासे मरतात, गुरांचे शेण पाण्यात येते. ते सारे विघटक कुजवतात आणि त्यातील नत्र, स्फुरद मोकळे करून पुन्हा पाण्यात सोडतात. माशांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे झाडांना घेता येईल अशा नत्रात रूपांतर करणारे जंतूही याच चिखलात असतात. उष्टी काढणारे हे हात नसते तर बावखल काही वर्षांतच कचऱ्याने भरून गेले असते. आपल्या घरांत जसे घडते तसेच इथेही घडते. सर्वांत खालचे काम करणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही.

आता लक्षात घ्या. विघटकांचे काम नेमके दोन रकान्यांमधल्या रेघेवर चालते. मेलेले पान ते उजव्या रकान्यात पोहोचवतात, आणि शेवाळ तेच नत्र उचलून पुन्हा डाव्या रकान्यात आणते. पाण्यातल्या प्राणवायूला आपण निर्जीव म्हणतो, पण त्यातला मोठा भाग कालच्या उन्हात एखाद्या वनस्पतीने सोडलेला असतो. वहीतली रेघ अभ्यासाच्या सोयीसाठी आहे. बावखलात ती रेघ नाही.

४. एका पहाटेची गोष्ट

हे सगळे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर मे महिन्यात पहाटे लवकर उठून बावखलाच्या काठी जावे. कधी कधी पुष्कळ मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. ऊन वर आले की ते पुन्हा खाली जातात. वडीलधाऱ्यांनी हे पाहिलेले आहे. याचे कारण काय?

दिवसा वनस्पती प्राणवायू तयार करतात. रात्री ऊन नसते, म्हणून हे काम बंद पडते. पण श्वास घेणे कोणाचेच बंद होत नाही. मासे, जंतू आणि स्वतः वनस्पतीही रात्रभर प्राणवायू वापरत राहतात. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू हळूहळू घटत जातो आणि सूर्योदयाच्या थोडे आधी तो सर्वांत कमी असतो. निरोगी बावखलात तेवढ्यावर निभावते.

आता समजा, त्या बावखलात कपड्यांच्या साबणाचे पाणी, शौचालयाच्या टाकीचा पाझर किंवा शेतातले जास्तीचे खत येऊ लागले. नत्र व स्फुरद वाढल्याने शेवाळाला आणि जलपर्णीला ऊत येतो. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही जलपर्णी अनुकूल परिस्थितीत साधारण दोन आठवड्यांत दुप्पट पसरते. वरवर पाहता सगळे हिरवेगार दिसते. पण खालच्या वनस्पतींना ऊन मिळत नाही, त्या मरतात. मेलेल्या शेवाळावर आणि वनस्पतींवर विघटक तुटून पडतात आणि त्या कामात भरमसाट प्राणवायू संपवतात. मग एके पहाटे प्राणवायू माशांना पुरत नाही आणि सकाळी पांढरी पोटे वर आलेली दिसतात.

लोक म्हणतात, “कोणीतरी विष टाकले.” तसे क्वचित घडतही असेल. पण पुष्कळदा कोणी एकाने काही टाकलेले नसते, सर्वांनी थोडे थोडे टाकलेले असते. मरळ आणि मांगूर यांना पाण्याबाहेरची हवा घेऊन श्वास घेता येतो, म्हणून ते सर्वांत शेवटी टिकून राहतात. बावखलात फक्त हेच मासे उरले असतील तर समजावे की उजव्या रकान्यात आजार शिरला आहे.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. बावखलाचा मृत्यू आपल्याला डाव्या रकान्यात दिसतो, कारण मेलेला मासा डोळ्यांना दिसतो व नाकाला कळतो. पण त्याची सुरुवात बहुधा उजव्या रकान्यात, कोणाच्या लक्षातही न येता झालेली असते. प्राणवायू कमी झाला म्हणून कोणी रडत नाही.

५. जमिनीखालचे बावखल

बावखलाचे काम काठाशी संपत नाही. त्यातले पाणी जमिनीत झिरपते आणि आजूबाजूच्या विहिरींना मिळते. समुद्रकाठच्या गावात या झिरपण्याला वेगळेच महत्त्व आहे.

किनाऱ्याच्या जमिनीखाली खोलवर समुद्राचे खारे पाणी शिरलेले असते. पावसाचे गोडे पाणी त्याहून हलके असल्याने ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. हॉलंडच्या बॅडोन घायबेन यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस आणि जर्मनीच्या हर्झबर्ग यांनी १९०१ साली याचा हिशेब मांडला. ४१ फूट उंचीच्या गोड्या पाण्याचे वजन ४० फूट उंचीच्या समुद्राच्या पाण्याएवढे भरते. म्हणून समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे ४० फूट खोलीपर्यंत गोडे पाणी तग धरते.

हाच हिशेब उलटा वाचला तर अंगावर काटा येतो. उपसा वाढला, झिरपणे थांबले आणि गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने ४० फुटांपर्यंत वर सरकू शकते. प्रत्यक्षात खडक, वाळू, चिकणमाती यांप्रमाणे हा आकडा कमीजास्त होतो आणि बदल व्हायला वेळ लागतो. पण तत्त्व तेच. दर पावसाळ्यात बावखल भरते तेव्हा ते आपल्या विहिरीखालच्या समुद्राला मागे रेटत असते.

एक साधे गणित घरीच करून पाहावे. दहा गुंठ्यांचे बावखल म्हणजे साधारण एक हजार चौरस मीटर. पावसाळ्यात २००० मिलिमीटर पाऊस पडला असे धरले, तर त्या जागेवर थेट पडणारे पाणीच २० लाख लिटर होते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर दोनशे टँकर. आजूबाजूच्या वाडीतून वाहत येणारे पाणी वेगळेच. यातले काही उन्हाने उडून जाते, पण उरलेले पाणी धरून ठेवणारी व सावकाश मुरवणारी जागा ती हीच. तिच्यावर भराव टाकला की पाऊस तेवढाच पडतो, मात्र तो मुरण्याऐवजी रस्त्यावर आणि घरात शिरतो.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पूर आला. रेल्वे थांबली, अनेक ठिकाणी वीज गेली. त्या पुराला कारणे पुष्कळ होती. तरी पाण्याला थांबायला पूर्वी जेवढी जागा होती तेवढी आता नाही, हे कोणीही मान्य करील.

आणि विहीर खारी झाली की काय होते? मुळांना खाऱ्या मातीतून पाणी ओढून घेता येत नाही. केळीच्या पानांच्या कडा करपू लागतात. पानवेल तर फारच नाजूक, ती तग धरत नाही. बेडकांना खारे पाणी सोसत नाही. उजव्या रकान्यातला एकच शब्द बदलला, ‘गोडे’चे ‘खारे’ झाले, आणि डाव्या रकान्यातली नावे एकामागून एक खोडली गेली. ज्या वाडीवर एका पिढीने मुलांची शिक्षणे केली, ती वाडी पुढच्या पिढीला तोट्याची वाटू लागते. मग ती विकली जाते.

६. माणूस कोणत्या रकान्यात?

मुलाने हा प्रश्न विचारला नव्हता, पण आपण विचारायला हवा. माणूस सजीव आहे, म्हणून तो डाव्या रकान्यात आहे. आणि बावखलाच्या बाबतीत तर तो पाहुणा नाही. बावखल माणसाने खोदले, माणसानेच राखले. पूर्वी उन्हाळ्यात पाणी आटले की तळाचा गाळ काढून शेतात, वाडीत पसरत. त्यात विघटकांनी तयार केलेले उत्तम खत असे. शेताला खत मिळे आणि बावखलाची खोली टिके. कोणत्याही तळ्याचा स्वभाव हळूहळू भरून जाण्याचा असतो. गाळ काढणाऱ्या माणसाने त्याला शतकानुशतके तरुण ठेवले.

पुढे पोत्यातले खत आले, गाळ काढणे परवडेनासे झाले. विहिरीवर पंप बसला, रहाट थांबला. सूर्या प्रकल्पाचे नळाचे पाणी आले, आणि बावखलाकडे पाठ फिरवून घरे उभी राहू लागली. कोणी वाईट हेतूने हे केले नाही. ज्याचा रोज उपयोग होत नाही, त्याची काळजी सुटते एवढेच. पण काळजी सुटलेल्या बावखलावर कचरा येतो, कचऱ्यामागे दुर्गंधी येते, आणि दुर्गंधीमागे “बुजवून टाका” असे म्हणणारे येतात.

बुजवण्यासाठी नेहमी एक कारण पुढे केले जाते, ते म्हणजे डास. या तक्रारीत तथ्य आहे, घाण साचलेल्या पाण्यात डास होतातच. पण ज्या बावखलात मासे, बेडूक आणि चतुर आहेत तिथे डासांच्या अळ्या फारशा जगत नाहीत. चतुराची पिल्ले पाण्यात असताना अळ्या खातात आणि मोठी झाल्यावर उडते डास पकडतात. उलट डेंग्यू पसरवणारा डास घरातल्या व अंगणातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात, पिंपात, फुलदाणीत, टायरमध्ये अंडी घालतो. तेव्हा निरोगी बावखल बुजवून आणि गच्चीवरचे पिंप उघडे ठेवून डेंग्यू जाणार नाही. डास झाले असतील तर बावखल आजारी आहे असे समजावे. आजाऱ्याला औषध देतात, पुरत नाहीत.

आनंदाची गोष्ट ही की, गेल्या काही वर्षांत आपल्या परिसरातील गावागावांतून तरुण मंडळी बावखले साफ करण्यासाठी पुढे येत आहेत. जलपर्णी काढून, गाळ उपसून मोकळ्या केलेल्या बावखलावर खंड्या पुन्हा येऊन बसलेला पाहणे यासारखे सुख नाही. त्याला कोणी आमंत्रण दिलेले नसते. उजवा रकाना दुरुस्त झाला की डाव्या रकान्यातले पाहुणे आपल्या पायांनी परत येतात.

७. घरी करून पाहण्यासारखे

१८६५ साली इटलीतील येशूसंघीय धर्मगुरू फादर अँजेलो सेक्की यांनी पोपमहाशयांच्या नौदलाच्या जहाजावरून एक पांढरी तबकडी समुद्रात सोडली. ती किती खोल गेल्यावर दिसेनाशी होते ते मोजले, आणि त्यावरून पाण्याचा नितळपणा ठरवला. फादर सेक्की हे खरे तर खगोलशास्त्रज्ञ, ताऱ्यांच्या प्रकाशाचा अभ्यास करणारे. पण त्यांची ही साधी तबकडी आजही जगभर तळी व समुद्र मोजायला वापरतात आणि तिला ‘सेक्की तबकडी’ म्हणतात.

आपल्या मुलांनाही हे करता येईल. एक वीतभर रुंदीची जुनी पांढरी ताटली घ्यावी, तिला मधोमध भोक पाडून दोरी ओवावी व खाली वजन बांधावे. दोरीवर दर दहा सेंटिमीटरला गाठ मारावी. मोठ्या माणसाला सोबत घेऊन, भर दुपारी, सावलीच्या बाजूने ताटली पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी झाली की गाठी मोजाव्यात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे मोजून वहीत लिहिले, तर वर्षभरात आपल्या बावखलाचा ताप चढतो आहे की उतरतो आहे ते कळेल. मुलांना पोहता येत असले तरी त्यांनी एकट्याने काठावर जाऊ नये.

मोठ्यांसाठी चार गोष्टी :

• न्हाणीघराचे व शौचालयाच्या टाकीचे पाणी बावखलात जात नाही ना, हे स्वतः पाहून घ्यावे.

• काठावरची झाडे तोडू नयेत. पडलेला पाचोळा मात्र काढून झाडांच्या बुंध्याशी घालावा.

• काढलेली जलपर्णी काठावरच टाकू नये. तिथे ती कुजली तर तिच्यातले नत्र, स्फुरद पावसाबरोबर पुन्हा पाण्यात येते. ती दूर नेऊन तिचे खत करावे.

• बावखल अनेक भावंडांच्या सामाईक मालकीचे असेल तर भराव टाकण्याआधी सर्वांनी एकदा एकत्र बसावे, आणि त्या बैठकीत शेजारच्या विहिरीलाही एक मत आहे असे समजावे.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या घराजवळ पूर्वी किती बावखले होती? आज किती उरली आहेत? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांची नावे लिहून काढा.

२. आपल्या विहिरीचे पाणी वीस वर्षांपूर्वी जसे लागत होते तसेच आजही लागते का?

३. आपल्या घरातून रोज बाहेर पडणारे पाणी शेवटी कोठे जाते?

त्या मुलाच्या वहीचे पुढे काय झाले? त्याने दोन्ही रकाने पूर्ण केले. मग आजोबांकडे पाहिले आणि मधल्या रेघेवर पेन्सिलीने दोन्ही बाजूंना जाणारे बारीक बाण काढले. पाण्यापासून माशाकडे, माशापासून चिखलाकडे, चिखलापासून शेवाळाकडे, शेवाळापासून पुन्हा पाण्याकडे. रेघ जवळजवळ दिसेनाशी झाली. शेवटी त्याने डाव्या रकान्याच्या तळाशी आणखी एक नाव लिहिले, ‘आम्ही’.